रुंदावणारा भांग आणि रिकामा होणारा खिसा

बायकांचे केस गळतात, त्यात नवल काही नाही. परंतु त्यापायी आमच्या वस्त्यांतून जो पैसा चालला आहे, तो पाहून चार शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे. विहारातली महिला मंडळाची बैठक आटोपली की एखादी भगिनी हळूच विचारते, "दादा, क्लिनिकवाले हप्त्याने पॅकेज देतात, घेऊ का पोरीसाठी?" पोरगी पदवीधर, नोकरीला लागलेली; पण बघायला आलेली मंडळी अजून केसच मोजतात!

भगिनींनो, आधी गळती कोणती ते ओळखा. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा करोनानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके येतात. घाबरू नका, ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. अंगात लोह कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी केस जातात. त्यासाठी रक्ततपासणी हवी, पॅकेज नको.

खरी चिकट ती आनुवंशिक गळती. कपाळावरची रेषा शाबूत राहते, पण भांग वर्षागणिक रुंदावतो आणि माथ्यावरचे केस बारीक होत जातात. यावर सर्वांत जास्त पारखलेले औषध मिनॉक्सिडिल. मूळची ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून डॉक्टरांचे लक्ष गेले. अमेरिकेत दोन टक्क्यांचे द्रावण १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली स्त्रियांसाठी मंजूर झाले. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, आणि इथेच पुष्कळ जणी बाटली फेकतात. निदान सहा महिने नेमाने लावल्याखेरीज निकाल कळत नाही. लावणे सोडले की मिळालेले केसही हळूहळू जातात, म्हणजे हा खर्च कायमचा, हे घरात आधीच बोलून घ्यावे. द्रावण ओघळले तर चेहऱ्यावर लव येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये.

स्पायरोनोलॅक्टोनची गोळी काहींना गुण देते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि त्या काळात दिवस राहता कामा नयेत. नवऱ्याची फिनास्टेराइड तर मुळीच घेऊ नका. गर्भातल्या मुलाला तिच्याने अपाय होतो.

आता पीआरपी. आपलेच रक्त काढून, त्यातला भाग वेगळा करून टाळूत टोचतात. काहींना फायदा होतो, हे खरे. पण प्रत्येक ठिकाणी पद्धत निराळी, बैठका अनेक, आणि तेवढ्यावर भागतही नाही. आमच्या मते बाटलीचे सहा महिने पुरे होण्याआधी या वाटेला जाऊ नये. केसरोपणही सर्वांना चालत नाही. मागचेच केस विरळ असतील तर लावायचे कुठून आणून?

तेलाने केस मऊ होतात, हा भांग भरत नाही. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधाच्या नावाने करण्यास औषध नियम, १९४५ च्या 'जे' परिशिष्टात मनाई आहे. तरी भिंतीभिंतीवर जाहिराती आहेतच.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. येथे त्वचारोग विभाग आहेत. केसांचे दुखणे तिथेच दाखवायचे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.