खेळ, पुस्तकं आणि शकुंतला : २०२५चा मागोवा

यवतमाळ जिल्ह्याचं वर्ष बाहेरची माणसं दोनच आकड्यांत वाचतात : कापसाचा भाव आणि शेतकरी आत्महत्या. दोन्ही आकडे खरे आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर २०२५ मध्ये तर ते विसरणं कोणालाच शक्य नव्हतं. तरी याच जिल्ह्यात माणसं खेळतात, वाचतात, कामधंदा आटोपल्यावर हातांनी काहीतरी घडवतात. त्याची नोंद कुठे होत नाही. दारव्ह्यात राहून, शाळेची नोकरी सांभाळून वर्षभर जे वाचलं, खेळले आणि केलं, त्याचा हा मागोवा. छंद म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला ते कधी पटलं नव्हतं, आणि या वर्षाने तर ते साफ खोडून काढलं.

वर्षाची सुरुवात वाचनाने झाली. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि पुण्याहून एखादंच पुस्तक मागवायचं तर टपालखर्च अंगावर येऊ लागला. मग आम्ही काही मैत्रिणींनी यादी करून एकत्र पुस्तकं मागवायला सुरुवात केली. एका खोक्यातली पुस्तकं घरोघर फिरली, त्यांवर बोलणं होऊ लागलं. आमच्याच तालुक्यातल्या बोरीअरबचे वऱ्हाडी कवी शंकर बडे मैत्रिणींच्या मुलांनी यंदा पहिल्यांदा वाचले. आपण घरात बोलतो ती बोली छापील पानावर येते, हे पाहून मुलं हरखली. यवतमाळात १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनं झाली. मांडव उठल्यावरही वाचन टिकायचं असेल, तर ते अशा खोक्यांतून आणि ओसरीवरच्या गप्पांतून टिकेल.

१८ जूनला मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि ‘चकवाचांदण’ मी पुन्हा हाती घेतली. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी आयुष्याचा मोठा काळ विदर्भाच्या रानात घालवला आणि जंगलातल्या माणसांकडून शिकलेलं लिहून ठेवलं. ते वाचताना आपल्या दारातल्या टिपेश्वरबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक आहे, हे जाणवत राहिलं. जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. इथे जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत, तेलंगणाचा काही भाग तुडवत, १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ‘वॉकर’ म्हणून तो पुढे जगभर माहीत झाला. त्याची अंदाजे वाट मी पेन्सिलीने विदर्भाच्या नकाशावर काढली आणि नकाशा भिंतीवर लावला. वर्षाचं पुढचं काम त्या नकाशातूनच निघालं, पण त्याआधी पावसाळा खेळांचा गेला.

२८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी इथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी होती. दोन डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. १९ वर्षांची ही मुलगी त्याच दिवशी भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. नागपूर आमच्यापासून काही तासांवर. विश्वचषक जिंकणारी एवढ्या जवळची असते तेव्हा खेळाकडे बघण्याची नजरच बदलते. शाळेत मधल्या सुट्टीत पट मांडले जाऊ लागले. मुलीही पटाशी बसू लागल्या आणि हरल्यावर डाव पुन्हा मांडून कुठे चुकलं ते शोधू लागल्या. भाच्याने मला फोनवर बुद्धिबळाची कोडी सोडवायची सवय लावली. रात्री दिवे गेले की फोन बाजूला ठेवून आम्ही मेणबत्तीच्या उजेडात लाकडी पटावर खेळायचो.

फोनमधल्या खेळांची दुसरी बाजूही याच वर्षी ऐरणीवर आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. रमीच्या नादात हंगामाचा पैसा गेल्याच्या गोष्टी कोणत्याही बसस्टँडवर ऐकायला मिळतात, त्यामुळे मला हा कायदा हवासा वाटला. मात्र त्याच तोंडाने “सगळे गेम वाईट” म्हणणं चूक आहे. भाच्यासोबत मी ‘राजी’ खेळले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला हा गेम. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे देखावे, छायाबाहुल्यांतून पुढे सरकणारी कथा. आपल्या मातीतली गोष्ट गेममध्ये सांगता येते, आणि ती पुण्यात बसून घडवता येते, हे भाच्याने त्यातून उचललं. “मंग आपल्या यवतमाळचा गेम काहून नाई?” असं त्याने विचारलं. वर्षातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तो होता.

उत्तर भिंतीवरच्या नकाशात होतं. वाघाच्या वाटेशेजारी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी एक बारीक रेघ होती : शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेला ११३ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल इंजिन आलं आणि पुढे गाडीच थांबली. दारव्हा मोतीबाग हे आमचं स्टेशन. दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत आम्ही या गाडीचा पटखेळ करायला घेतला.

पट जाड पुठ्ठ्याचा, इंजिन सुताराकडून आणलेल्या सागाच्या तुकड्याचं, गठाणी खऱ्या कापसाच्या. सगळे खेळाडू मिळून एकच गाडी चालवतात. यवतमाळची रुई मूर्तिजापूरला, म्हणजे मुंबईच्या मोठ्या रुळापर्यंत, वेळेत पोचली तर सगळे जिंकतात, नाहीतर सगळे हरतात. नियम आम्ही खऱ्या हिशेबातून काढले. एका गठाणीत १७० किलो रुई असते आणि तेवढी रुई निघायला साधारण पाच क्विंटल कापसातून सरकी काढावी लागते. म्हणून पाच क्विंटल जमल्याशिवाय गठाण हलत नाही. शेवटच्या काळात गाडीवरचेच कर्मचारी खाली उतरून फाटक लावायचे, गाडी निघाली की पुन्हा उघडायचे. म्हणून ‘फाटक’ पत्ता आला की एकाला डाव सोडावा लागतो. “मावशी, गाडी उभीच राह्यली तं बाकीच्यायनं काय कराचं?” या प्रश्नावरून ठरलं की उभ्या गाडीतही प्रवाशांना आपला पत्ता एकमेकांना देता यावा. मोतीबागेवर जुने प्रवासी भेटले, त्यांच्याकडून ऐकलेलं पत्त्यांवर आलं. मुलांनी भूगोल, गणित आणि जिल्ह्याचा शंभर वर्षांचा व्यापार या खेळातून स्वतःहून शोधला.

पुठ्ठा कापताना आमच्याच जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा एक तरुण मनात यायचा. वेल्डिंगच्या दुकानात काम करता करता त्याने स्वतःचं हेलिकॉप्टर बांधलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पातं तुटून तो गेला. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलात एवढी जिद्द आणि एवढी कारागिरी होती. त्याच्या शेजारी उभं राहून मोजमाप तपासणारं, “थांब, आधी हे बघू” म्हणणारं माणूस आणि सुरक्षित जागा त्याला मिळायला हवी होती. छंदाला चैन म्हणून सोडून दिलं की अशा हातांना एकटं सोडलं जातं.

म्हणून येत्या वर्षासाठी माझं मागणं साधं आहे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. आमच्या जिल्ह्यातल्या अगदी ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गाच्या ग्रंथालयातही पुस्तकांच्या कपाटाशेजारी बुद्धिबळाचे दोन पट, एक मोठं टेबल आणि साध्या हत्यारांची पेटी असावी, आणि आठवड्यातून एकदा शिकवणारं जाणतं माणूस तिथे बसावं. शकुंतलेच्या पटाची एक प्रत आम्ही फेब्रुवारीत दारव्ह्याच्या वाचनालयाला देणार आहोत. वर्धेहून निघालेला नवा मोठा रूळ २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत आला. त्या मार्गाचा पट आखायचं काम मुलांनी आत्ताच स्वतःकडे घेतलं आहे.