किनारा दिसत असताना बुडालेले गलबत



माल पिकवणे हे निम्मे काम आणि तो सुखरूप पोचवणे हे उरलेले निम्मे, हे आपणांस वेगळे सांगायला नको. खळ्यावरची रास डोळ्यांना कितीही सुखावत असली, तरी पट्टी हातात पडेपर्यंत जिवाला स्वस्थता नसते. ही काळजी आजकालची नाही. सुमारे २३०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात बुडालेल्या एका गलबताची हकिकत त्यासाठीच आज सांगत आहे.

युरोप, आशिया आणि आफ्रिका यांच्या मध्ये असलेल्या या समुद्रात पूर्वेकडे सायप्रस नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर कायरेनिया हे जुने बंदर. १९६५ साली तेथील आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी मातीच्या कुंभांचा मोठा ढीग दिसला. पुढे मायकेल काट्झेव्ह या अमेरिकी संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह तेथे खोदकाम केले आणि चिखलाखालून एक मालवाहू गलबत वर काढले. लांबी सुमारे १४ मीटर, एक चौकोनी शीड, आणि लाकूड पाइनचे. बंदरापासून दोन किलोमीटरही दूर नाही अशा जागी ते बुडाले होते.

आता त्यातला माल पाहा. द्राक्षाच्या मद्याचे सुमारे चारशे कुंभ होते. दोन कानांचे आणि खाली निमुळते असे हे कुंभ बहुतेक ऱ्होड्स बेटाच्या घडणीचे. तळाशी दळणाचे २९ दगड होते. ते निसिरोस या ज्वालामुखीच्या बेटावरचे, काळे आणि कठीण. त्या काळी तिकडे असे दगड पुढे-मागे सरकवून धान्य दळत. शिवाय बदाम होते, मोजले तर दहा हजारांच्या आसपास! गोण्या कधीच कुजून गेल्या, पण टरफले शाबूत राहिली. म्हणजे एकाच्या द्राक्षबागेचे, दुसऱ्याच्या बदामाच्या झाडांचे आणि तिसऱ्याच्या खाणीचे कष्ट एकाच लाकडी पोटात बसून निघाले होते.

भरणीची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. जड दगड मधोमध, अगदी तळाला ओळीने लावलेले, म्हणजे गलबत कलंडायला नको. बैलगाडी भरताना ती उलार होऊ नये आणि बैलांच्या मानेवरही भार पडू नये म्हणून आपण जो हिशेब करतो, तोच हा हिशेब. दगड विकायलाही उपयोगी आणि तोल सांभाळायलाही.

संशोधकांच्या मते सामोस, कोस, निसिरोस, ऱ्होड्स आणि मग सायप्रस असा या गलबताचा मार्ग असावा. पहिली बेटे एकमेकांच्या जवळ आहेत. एक मागे पडते न पडते तोच दुसऱ्याचा डोंगर दिसू लागतो. शिवाय उन्हाळ्यात त्या भागात उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो, तो दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडाला पाठीवर घेतो. ऱ्होड्स सोडल्यावर मात्र सायप्रसपर्यंतचा टप्पा लांबचा. म्हणजे प्रवासाचा शेवट सर्वांत अवघड, आणि तोही माणसे थकलेली असताना.

माणसे तरी किती? गलबतात चार पेले आणि चार लाकडी चमचे मिळाले. त्यावरून खलाशी चारच असावेत. जाळ्याला बांधायची शिशाची वजने तीनशेच्या वर सापडली, म्हणजे वाटेत मासे धरून ते कालवणाची सोय करीत. अंजिरे आणि ऑलिव्हची फळेही शिदोरीत होती.

आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा होतो. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून उन्हाळा हाच नौकांचा हंगाम. हेसिअड नावाचा एक ग्रीक कवी स्वतः शेतकरी होता. या गलबताच्याही चारशे वर्षे आधी त्याने आपल्या भावाला शेतीबरोबर नौकेविषयीही उपदेश केला. सगळा माल एका खेपेत घालू नये, मोठा भाग घरी ठेवून थोडा पाठवावा, आणि शरदाचा पाऊस सुरू होण्याआधी घर गाठावे, असे त्याचे सांगणे होते.

आपले गलबत जुने होते आणि त्याची डागडुजी अनेकदा झालेली होती. शेवटी पाणी आत येऊ नये म्हणून त्याला बाहेरून शिशाचा पत्रा मारला होता. मग ते बुडाले का? तळाखाली लोखंडी भाल्यांची टोके सापडली आणि नाणी मात्र अगदी थोडी. यावरून चाच्यांनी ते लुटून बुडवले असावे, असे काही संशोधक मानतात. माल पिकला, भरला, बेटामागून बेट ओलांडले, किनारा नजरेत होता, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

हा व्यापार आपल्यालाही अगदी परका नाही. पुढे तीनचारशे वर्षांनी भूमध्य समुद्राकडचे असे मद्यकुंभ आपल्याकडेही येऊ लागले. नेवाशाच्या उत्खननात त्यांचे तुकडे मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर ग्रीकांचा समुद्रदेव पॉसायडन याची काशाची मूर्तीच निघाली.

मूळ गलबत आज कायरेनियाच्या किल्ल्यात जपून ठेवले आहे. त्याच्याच मापाची प्रतिकृती ग्रीसमध्ये बांधली गेली आणि १९८६ साली ती बेटांमधून वाट काढीत सायप्रसला सुखरूप पोचली. म्हणजे गलबताच्या बांधणीत खोट नव्हती.

मंडळी, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सगळा माल एका दिवशी, एकाच गाडीत, एकाच बाजारात लोटू नका. गाडी, पोती, दोरखंड यांची दुरुस्ती हंगामापूर्वी उरका. आणि शेवटच्या मैलाला जास्त सावध राहा. वजनकाट्यापाशी स्वतः उभे राहा, पावती हातात घ्या, पैसे मोजून घ्या. किनारा दिसणे वेगळे आणि किनाऱ्याला लागणे वेगळे.