परदेशातून आणलेले मूल परत जाते कधी, आणि राहते कधी?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात जानेवारी १९८६ मध्ये एका पित्याने ठरलेल्या भेटीसाठी आपल्या मुलाला शाळेतून नेले आणि आईकडे परत न सोडता थेट पुणे गाठले. घटस्फोटानंतर तेथील न्यायालयाने मुलाचा ताबा आईला दिला होता. पित्याला केवळ भेटीचा हक्क होता. आईने भारताच्या सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी याचिका दाखल केली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला न्यायालयाने मूल आईच्या स्वाधीन केले आणि त्याला अमेरिकेला नेण्याची मुभा दिली. हा निकाल ‘एलिझाबेथ दिनशॉ खटला’ म्हणून ओळखला जातो.

अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, ‘धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे’ या खटल्यात याच न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आईने तान्हेपणीच भारतात आणले होते. अमेरिकी न्यायालयाचा आदेश पित्याच्या बाजूने होता. मात्र निकालाच्या वेळी मुलाने वयाची बारा वर्षे ओलांडली होती आणि त्याचे सारे बालपण आईपाशी गेले होते. त्याचे हित आईकडेच आहे, असे न्यायालयाने ठरवले.

दोन्ही निकालांत निकष एकच होता, मुलाचे हित. फरक पडला तो प्रामुख्याने काळामुळे. दहा महिन्यांत मुलाची नाळ जुन्या घराशी जोडलेली राहते. बारा वर्षांत ती नव्या मातीत रुजते.

हा वाद सोडवण्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील मूल बेकायदा नेले गेल्यास त्याला नेहमीच्या वास्तव्याच्या देशात त्वरेने परत पाठवावे आणि ताब्याचा वाद तेथेच मिटवावा, हे त्याचे सूत्र. वर्षभरानंतर अर्ज आल्यास आणि मूल नव्या जागी रुळलेले असल्यास, किंवा परतल्यावर त्याला गंभीर धोका असल्यास, परतीचा आदेश नाकारता येतो. पोर्तुगाल, ब्रिटन, एवढेच नव्हे तर श्रीलंका व पाकिस्तानही या करारात सामील आहेत. भारत मात्र नाही.

विधी आयोगाने २००९ मध्ये भारताने सामील व्हावे, अशी शिफारस केली. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही तयार झाला. परंतु कायदा झाला नाही. कौटुंबिक हिंसाचारातून सुटून माहेरी आलेल्या स्त्रीला पुन्हा त्याच घराच्या दारात उभे केले जाईल, हा विरोधकांचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसरीकडे, करार नसल्यामुळे परदेशात राहिलेल्या पालकाला दाद मागण्यासाठी भारतीय न्यायालयांचाच दरवाजा ठोठवावा लागतो आणि त्यात वर्षे जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नित्या आनंद राघवन खटल्यात स्पष्ट केले, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याजोग्या घटकांपैकी केवळ एक; मुलाचे हित सर्वोपरी. त्या प्रकरणात मुलगी आईजवळ भारतातच राहिली. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात मात्र मूल अमेरिकेला परत नेण्याचा आदेश झाला. अशा आदेशांत अनेकदा परतणाऱ्या आईच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च पित्यावर टाकला जातो, जेणेकरून परतीची शिक्षा तिला भोगावी लागू नये.

गोव्यातील असंख्य कुटुंबे आज पोर्तुगाल व ब्रिटनमध्ये आहेत. मूल गोव्यात आणले गेल्यास दुसऱ्या पालकाला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका करता येते. त्या पालकाने वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. मूल घेऊन येणाऱ्या पालकानेही हिंसाचाराच्या तक्रारी व वैद्यकीय कागद जपून ठेवावेत आणि परदेशी न्यायालयाची नोटीस दुर्लक्षू नये. कायदा होईपर्यंत प्रत्येक मुलाचा निर्णय स्वतंत्रपणे होणार. आणि तो होईपर्यंत मूल मोठे होतच राहणार.