आधी बाहेर पडायची जागा

झांस्कर नदीतून राफ्टने जायचे ठरले, की मंडळी आधी लाइफ जॅकेटची चौकशी करतात. मी विचारतो, बाहेर कुठे पडणार? लडाखमध्ये पदुमकडून वाहत आलेली ही नदी निमूजवळ सिंधूला मिळते. मधल्या घळीत दोन्ही अंगांना उभे कडे. 2024 मध्ये निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला, त्यामुळे धीर वाढला. पण दरड कोसळली की तोही बंद. म्हणून शिधा दोन दिवस जास्तीचा घ्यावा.

शिधा म्हणजे काय, हे इथेच, छत्रपती संभाजीनगरात ठरवायचे. पदुमच्या उंचीवर, म्हणजे 3,600 मीटरच्या आसपास, पाणी सुमारे 88 अंशांनाच उकळते. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, आणि तेवढा गॅस वाहणार कोण? त्यापेक्षा मेतकूट, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या बाजरीच्या खारोड्या बऱ्या. (खारोड्यांना दिल्लीकर सोबती आधी हसतात, मग मागून खातात.) रोजची पिशवी वेगळी बांधावी आणि सगळा शिधा एका राफ्टवर ठेवू नये, ती उलटली तर उपास.

विमानात गॅसची टाकी चालत नाही, ती लेहला घ्यावी. आपले शहर जेमतेम 570 मीटरवर, तेव्हा लेहला तीन दिवस मुक्काम हवाच. ऊन चढले की बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढते; सकाळी लवकर निघावे, तंबू काठापासून उंचावर ठोकावा.

घळीत मोबाइलचा भरवसा नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही. म्हणून घरी एका माणसाकडे कागद द्यावा: कोणत्या तारखेपर्यंत निरोप आला नाही, तर लेहला कोणाला फोन करायचा.