शिकवणाऱ्याने आधी शिकावे

परक्या देशात स्वयंसेवक शिक्षक म्हणून जायचे, तर पदवी आणि उत्साह एवढ्याने भागत नाही. अमेरिकेच्या 'पीस कोअर' या संस्थेचे पहिलेच वर्ष पाहा.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती १९६१ साली स्थापन केली. ३० ऑगस्ट १९६१ रोजी तिचे तरुण शिक्षक घानात पोहोचले. आक्रा विमानतळावर उतरताच त्यांनी तेथील ट्वी भाषेत गीत म्हटले. यजमान सुखावले.

त्याच ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे मात्र उलटे घडले. प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेने अमेरिकेतील मित्राला पोस्टकार्ड लिहिले : येथील लोक रस्त्यावरच राहतात, रांधतात, राहणी अगदी मागासलेली. ते कार्ड स्थानिक विद्यार्थ्यांच्या हाती पडले आणि संताप उसळला. तिने माफी मागितली, तरी तिला मायदेशी परतावे लागले. गरिबी डोळ्यांना दिसतेच. पण ती कोणी कोणत्या नजरेने पाहिली, हे गरिबाला लगेच कळते.

आजही या संस्थेचे नवे स्वयंसेवक सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतात. बहुतेक ठिकाणी ते स्थानिक कुटुंबात राहतात, भाषा व रीत शिकतात. मग दोन वर्षांची सेवा. घरातल्यांसमोर चुकत-माकत बोलायला शिकलेल्या शिक्षकाला वर्गात अडखळणारे मूल लवकर समजते.

आपला मुलगा, आपली मुलगी उद्या अशा कामाला निघाली, तर एवढे जरूर सांगा : आधी तिथली भाषा शीक, आणि त्या गावाला वाचून दाखवता येईल, असेच पत्र घरी लिही.