घोरणे व निद्राश्वासरोध

घोरणे व निद्राश्वासरोध : झोपेत श्वास घेताना घशातील मऊ भाग कंप पावून जो खरखरीत आवाज निर्माण होतो, त्यास घोरणे म्हणतात. त्याच जागी श्वसनमार्ग वारंवार मिटून दर वेळी १० सेकंद वा त्याहून अधिक काळ हवेचा प्रवाह थांबत असल्यास त्या विकारास अवरोधी निद्राश्वासरोध अशी संज्ञा आहे. घोरणारा मनुष्य ‘ढाराढूर’ झोपला आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. निद्राश्वासरोधाच्या बाबतीत ती चुकीची व घातकही ठरते. कारण अशा रुग्णाची झोप रात्रभर तुटत असते आणि बहुधा त्याला स्वतःला त्याची जाणीव नसते.

शारीर : नाक व मुख यांच्या मागे, कवटीच्या तळापासून अन्ननलिकेच्या सुरुवातीपर्यंत पसरलेल्या स्नायुमय नळीस ग्रसनी म्हणतात. प्रौढात तिची लांबी सु. १२ ते १४ सेंमी. असते. नाकाच्या पोकळीस हाडांचा व श्वासनालास कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो; मृदुतालूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या ग्रसनीस मात्र असा ताठ आधार नसतो. तिच्या पुढील बाजूस मृदुतालू, पडजीभ व जिभेचे मूळ आणि दोन्ही बाजूंस गिलायू असतात. हनुवटीखाली, स्वरयंत्राच्या वर असलेले नालाच्या आकाराचे हाडही इतर कोणत्याच हाडाशी सांध्याने जोडलेले नसून स्नायू व बंध यांनी टांगलेले असते. गिळणे व बोलणे यांसाठी ही लवचिकता आवश्यक आहे. परंतु तिच्यामुळेच हा भाग मिटू शकतो.

विकाराची प्रक्रिया : श्वास आत घेताना छातीत निर्माण होणाऱ्या ऋण दाबामुळे ग्रसनीच्या भिंती आत ओढल्या जातात. जागेपणी जिभेस पुढे खेचणारे व मार्ग रुंद ठेवणारे स्नायू या ओढीस विरोध करतात. झोप लागताच त्यांचा ताण कमी होतो आणि स्वप्नावस्थेतील झोपेत तो सर्वांत कमी असतो. उताणे झोपल्यास जीभ मागे घसरते. अरुंद झालेल्या मार्गातून हवा वेगाने जाऊ लागली, की मृदुतालू व पडजीभ फडफडतात आणि घोरणे ऐकू येते. मार्ग पूर्ण मिटला, तर आवाज थांबतो. छाती व पोट यांची धडपड मात्र चालूच राहते. रक्तातील ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो व मेंदू काही क्षण जागा होतो. मोठा हुंदका वा घुरका येऊन श्वास सुरू होतो आणि हे चक्र पुन्हा घडते. म्हणून घोरण्याच्या मध्येच पडणारी शांतता ही आरामाची नसून धोक्याची खूण होय.

कारणे : लठ्ठपणामुळे जिभेत व ग्रसनीभोवती चरबी साठते, त्यामुळे मानेचा घेर हे एक उपयुक्त लक्षण मानतात. खालचा जबडा लहान वा मागे असणे, गिलायू वाढणे, नाक चोंदणे, मद्य व झोपेची औषधे आणि अवटू ग्रंथीचे स्राव कमी पडणे हीही कारणे आहेत. पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते. जबड्याच्या ठेवणीमुळे तो सडपातळ व्यक्तींतही होऊ शकतो.

प्रमाण व परिणाम : मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९·५ टक्के व दिवसा झोप येण्यासह निद्राश्वासरोधाचे प्रमाण ७·५ टक्के आढळले. सकाळी डोके दुखणे, विस्मरण, रक्तदाब वाढणे व हृदयाची लय बिघडणे हे त्याचे परिणाम होत. पक्षाघाताचा धोकाही वाढतो. नांदेड, लातूर यांसारख्या भागांत रात्री मालमोटार वा प्रवासी गाडी चालविणाऱ्यांना दिवसाची अपुरी झोप व हा विकार यांचा दुहेरी भार पडल्यास चाकावरच डुलकी लागून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात येतो.

निदान : रुग्णाला स्वतःला कळत नसल्याने शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची साक्ष महत्त्वाची असते. नाक, जबडा व घसा यांची तपासणी केल्यावर रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, छातीची हालचाल व ऑक्सिजन यांची नोंद घेतात. दर तासाला श्वास थांबण्याच्या वा मंदावण्याच्या घटना ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व ३० वा अधिक असल्यास तीव्र समजतात. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये स्थापन झाली. घशाच्या प्राथमिक तपासणीसाठी अशा संस्थांतील कान-नाक-घसा विभागाकडे जाता येते.

उपचार : वजन घटविणे, कुशीवर झोपणे व मद्य वर्ज्य करणे हे प्राथमिक उपाय होत. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून सतत दाबाने हवा देण्याची पद्धत मांडली. ही हवा ग्रसनीस आतून आधार देते. मध्यम व तीव्र विकारात हाच प्रमुख उपचार आहे. मात्र यंत्र नियमितपणे वापरले, तरच त्याचा उपयोग होतो. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे ठेवणारे दातांवरील साधन वापरतात. गिलायू, मृदुतालू वा पडजीभ यांवरील शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत उपयोगी पडते. परंतु मार्ग अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी मिटत असल्याने केवळ पडजीभ कापून विकार बरा होईलच, असे नाही. घोरण्याचा आवाज कमी झाला, तरी श्वासरोध चालू राहू शकतो; म्हणून उपचारानंतरही रात्रीची तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते.