तिसऱ्या श्रेणीचे शहर

वारसा म्हटले की आपल्याला किल्ले, लेणी, मंदिरे आठवतात. त्यांच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. पण ज्या जुन्या घरात माणसे राहतात, ज्या कमानीखाली दुकान चालते, त्यांचे रक्षण कोणी करायचे? हा प्रश्न मुंबईने १९९५ साली आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत घेतला. त्या वेळचा नियम क्रमांक ६७, आणि त्याखाली नेमलेली मुंबई वारसा जतन समिती. बोलण्यात ती ‘हेरिटेज कमिटी’च. भारतात महापालिकेच्या पातळीवर असे नियम प्रथम मुंबईत झाले असे मानले जाते. ही समिती नेमके काय राखू शकते, याचा शोध घेताना मला तिचे यश आणि तिची अडचण एकाच ठिकाणी सापडली. ते ठिकाण म्हणजे तिची श्रेणीपद्धत.

यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर. येथे मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच बदल. दुसरीत स्थानिक मानबिंदू. येथे आतले बदल आणि नवा वापर चालतो, पण रूप राखून. तिसरीत ज्या इमारती एकट्या मोठ्या नाहीत, पण ज्यांच्यामुळे रस्त्याला चेहरा मिळतो, ज्या एखाद्या समाजाच्या राहणीची खूण आहेत. यांच्या जोडीला ‘प्रीसिंक्ट’, म्हणजे वारसा परिसर: घर नव्हे, तर अख्खी गल्ली, तिची उंची, तिचा ताल.

परवानगीची वाट अशी. मालक वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे अर्ज करतो. वास्तू यादीत असेल तर प्रकरण समितीपुढे जाते. समितीवर वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराचा इतिहास जाणणारे आणि महापालिकेचे अधिकारी असतात. ते छपराचा उतार, खिडक्यांचे प्रमाण, सज्जाचे कठडे, दर्शनी भाग आणि उंची तपासतात. प्रश्न केवळ देखणेपणाचा नसतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल बाहेर पडायची थांबते आणि भिंत आतून खराब होते. अशा वेळी ‘चुनाच वापरा’ ही अट भिंतीचे आयुष्य वाढवते.

समिती शिफारस करते, निर्णय आयुक्तांचा असतो. मात्र मूळ नियमातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. समितीचा सल्ला डावलायचा असेल तर आयुक्तांनी तो अपवाद म्हणून, लेखी कारणे देऊन डावलायचा, आणि हा अधिकार दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडे सोपवायचा नाही. सल्लागार समितीला वजन येते ते अशा एका वाक्याने.

समितीच्या चौकटीत काय साधते, हे दादाभाई नौरोजी रस्त्यावर दिसले. तिथल्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकल्या होत्या. पाटी कमानीच्या आत, दगडी काम न झाकता लावायची, अशी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, दुकानदारांना सोबत घेतले गेले आणि रस्त्याचा चेहरा मोकळा झाला. या कामाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. येथे कोणाचे घर जात नव्हते, कोणाचे चटईक्षेत्र बुडत नव्हते. म्हणून जमले.

आता गिरगावातली खोताची वाडी पाहू. पाठारे प्रभू खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी बांधलेली लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, पुढे ओटी. या समाजाची मातृभाषा मराठीच. १९९५ च्या यादीत ही वाडी वारसा परिसर आहे. तरी एकेकाळच्या साठ-पासष्ट घरांपैकी आता तीसच्या आतबाहेरच उरली आहेत.

असे का होते? एक कारण कामाच्या रीतीतच आहे. परिसर एक असला तरी फाइल एकेका घराची येते. एका घराने गल्लीचे फारसे बिघडत नाही, असे प्रत्येक वेळी म्हणता येते, आणि दहा वेळा तसे म्हटले की गल्ली उरत नाही. दुसरे कारण धोरणाचे. १९९९ साली शासनाने तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरातल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या परवानगीतून सूट दिली. त्यामागचा प्रश्न खरा होता. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नव्हते आणि इमारती कोसळत होत्या. पण तेव्हापासून चित्र उलटे झाले. जिच्यावर हातोडा पडण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्या पहिल्या श्रेणीला सर्वांत भक्कम कवच. आणि जिच्यावर तो रोज पडू शकतो, त्या तिसऱ्या श्रेणीला सर्वांत पातळ. २०१८ मध्ये नवी नियमावली आली, वारशाचा नियम ६७ चा ५२ झाला. उतरंड मात्र तीच राहिली.

रहिवाशांनाही दोष देता येत नाही. २०१२ साली यादी वाढवण्याच्या प्रस्तावात शिवाजी पार्क परिसर आला तेव्हा विरोध तिथल्या रहिवाशांनीच केला. साठ-सत्तर वर्षांच्या इमारतीत लिफ्ट नाही, स्लॅब गळतो, आणि पुनर्विकास अडला तर खर्च कोणी करायचा? हेरिटेजचा शिक्का म्हणजे घराची किंमत उतरणार, अशी त्यांची भीती होती. समिती ‘नाही’ म्हणू शकते. ‘नाही’चे पैसे ती देऊ शकत नाही.

उपाय मूळ नियमातच लिहून ठेवला होता. हक्क बुडाल्यास मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणि दुरुस्तीसाठी समितीच्या सल्ल्याने वाटायचा वेगळा निधी. माझ्या मते समितीचे भवितव्य या निधीवर ठरेल. ओटीवरची कौले बदलायला, जिन्याचे लाकूड सावरायला लहान रक्कम लवकर मिळाली, आणि अशा किरकोळ दुरुस्तीची परवानगी प्रभाग कार्यालयातच झाली, तर मालकाला बिल्डरकडे जाण्याची घाई राहणार नाही. आणि वाडीतल्या प्रत्येक अर्जासोबत आजवर किती घरे गेली याचा नकाशा जोडणे सक्तीचे केले, तर एकेका फाइलवर निर्णय घेतानाही समितीपुढे अख्खी गल्ली राहील.

यादीत नव्या वास्तू घेताना सूचना-हरकती मागवल्या जातात. बहुतेक वेळा हरकती येतात, सूचना येत नाहीत. आपल्या गल्लीतले काय राखावे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तेही लिहून कळवायला हवे.